रंगावर जाऊ नका, खोड्या बघा!

पावसाळ्यात सह्याद्रीवर रानफुलं बघायला निघालात, तर रंग विसरा. पठारावर पिवळी फुलंच इतक्या जातींची असतात, की ‘ते पिवळं’ म्हणून कुणालाच काही सांगता येत नाही. फूल ओळखायचं ते त्याच्या खोड्यांवरून. आणि त्यात या मंडळींचा हात कुणी धरू शकत नाही.

सापकांदाच घ्या. पहिला पाऊस पडतो न पडतो तोच फणा काढून उभा! तो फणा म्हणजे नुसतं आवरण. खरी फुलं आत दांड्याला चिकटलेली, अगदी बारकी. कंद लहान असतो तोवर झाड नर. कंद पोसला की पुढे कधीतरी तेच झाड मादी. बी धरायला ताकद लागते, ती साठेपर्यंत परागांवर भागवायचं.

शेवळं त्याच्याच कुळातली. जांभळट फुलोरा उमलला की असा घाण वास सुटतो, की माश्या आणि भुंगेरे धावत येतात. म्हणून ठाणे-पालघरच्या बाजारात येतात ते न उमललेले कोंब. भाजीत काकडं घालायला विसरलात तर घसा खवखवलाच म्हणून समजा.

कास पठारावर मात्र गुडघे टेकायचेच, अर्थात वाटेवर, फुलांवर नव्हे. सप्टेंबरच्या आसपास तिथे जांभळा गालिचा पसरतो, तो सीतेच्या आसवांचा. नाव एवढं हळवं, पण झाड शिकारी! सड्यावरच्या पातळ मातीत नत्र जेमतेम, म्हणून ते ओल्या मातीत बारीक पिशव्या पसरून ठेवतं. सूक्ष्म जीवाचा धक्का पिशवीच्या केसाला लागला, की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात. वनस्पतींच्या दुनियेतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. शेजारीच दवबिंदू नावाचं आणखी एक मांसाहारी झाड असतं. त्याच्या पानांवर भर दुपारी चमकतं ते दव नव्हे, चिकट डिंक.

कंदीलपुष्प कीटक खात नाही, फक्त कोंडून ठेवतं. माशी नळीत शिरते, पण आतले केस खाली वळलेले, त्यामुळे परत वर येता येत नाही. परागांचं काम उरकलं की केस सुकतात आणि सुटका! हरिश्चंद्रगडाकडे याच्या दुर्मीळ जाती आहेत. दिसलं तर फोटो काढा आणि जागा गावभर सांगू नका. कंदांसाठी ही झाडं उपटली जातात.

कळलावी तर फूल नसतानाही ओळखता येते. पानाचं टोक लांबून तणावा होतो आणि शेजारच्या झुडपाला विळखा घालतो. फूल आधी हिरवट पिवळं, मग केशरी, शेवटी लालभडक. तेव्हा वेगवेगळ्या रंगांची दोन फुलं दिसली तरी झाड एकच. सगळे भाग विषारी आहेत, मुलांना हात लावू देऊ नका.

सोनकीचं एक फूल म्हणजे खरं तर बारक्या फुलांचा अख्खा गुच्छ असतो. प्रत्येक ‘पाकळी’ हे वेगळं फूल. म्हणून फोटो काढताना फुलाबरोबर पान, खोड आणि फुलाची मागची बाजूही टिपा. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातली वर्णनंही अशाच बारकाव्यांवर उभी आहेत.

आणि कारवी! बरीच वर्षं नुसती पानं, मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा-निळा आणि बी धरून झाड संपतं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसात भिजली की तडातड फुटून बिया उडवतात. बऱ्याच ठिकाणी हे चक्र सात वर्षांचं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र ती २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली आणि २०२४ मध्येही. हिशोब असाच चालला, तर मुंबईकरांनी २०३२ चा पावसाळा आत्ताच राखून ठेवावा.