सर्दी-तापात ‘भरपूर पाणी प्या’ म्हणजे नेमकं किती?

सर्दी, खोकला, ताप असं काहीही झालं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘पाणी भरपूर पी.’ डॉक्टर सांगतात, घरातली मोठी माणसंही सांगतात. पण भरपूर म्हणजे किती? तहान नसतानाही तांब्यावर तांब्या रिकामा करायचा का?

हा सल्ला का दिला जातो?

तापात घाम येतो आणि श्वासाचा वेग वाढतो. नाक चोंदलं की आपण तोंडाने श्वास घेतो आणि उच्छ्वासावाटे शरीरातला ओलावा बाहेर जातो. त्यात भूक मंदावते, घसा दुखत असल्याने काही गिळवत नाही. म्हणजे शरीरातलं पाणी जास्त खर्च होतं आणि पोटात कमी जातं. त्यामुळे शरीरात पाणी कमी पडण्याची भीती खरी आहे.

पाण्याने कफ पातळ होतो, असंही म्हटलं जातं. मात्र शरीरात पाण्याची कमतरता नसताना जास्तीचं पाणी प्यायल्याने कफ आणखी पातळ होतो, याचा भक्कम पुरावा नाही.

संशोधन काय सांगतं?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या सल्ल्याचा पुरावा शोधून २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आढावा प्रसिद्ध केला. काही रुग्णांना जास्त पाणी द्यायचं, काहींना नेहमीइतकंच, आणि दोन्ही गटांची तुलना करायची, अशी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यातही हेच चित्र होतं.

याचा अर्थ सल्ला चुकीचा आहे असा नाही. तो नीट तपासलाच गेला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

जास्त पाण्याने अपाय होऊ शकतो का?

शरीरात व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन असतं. ते किडनीला पाणी राखून ठेवायला सांगतं. न्यूमोनियासारख्या फुप्फुसाच्या संसर्गात हे हार्मोन वाढू शकतं. मग लघवी कमी होते आणि पाणी शरीरात साठतं. अशा वेळी बळजबरीने पाणी पाजत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. सोडियम फारच घसरलं तर झटकेही येऊ शकतात.

साध्या सर्दीत हा धोका फारसा नसतो. पण खालावलेल्या रुग्णाला ‘अजून एक ग्लास’ म्हणत आग्रह करणं योग्य नाही.

गरम पेयांचं काय?

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाने २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांवर प्रयोग केला. गरम फळपेयाने घसादुखी, खोकला, थंडी वाजणं आणि थकवा यांत लगेच आराम वाटला. नाकातून हवा जाण्याच्या मोजमापात मात्र फरक पडला नाही. थोडक्यात, गरम सूप, पेज किंवा आल्याचा चहा घेतल्याने बरं वाटतं, पण त्याने आजार लवकर जातो असं नाही.

मग किती प्यायचं?

- तहान लागेल तसं प्या. एकदम लिटरभर पिण्यापेक्षा घोट घोट घ्या.
- लघवीकडे लक्ष ठेवा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद आणि कमी होत असेल तर वाढवा.
- नुसत्या पाण्याऐवजी अधूनमधून वरणाचं पाणी, ताक किंवा सूप घ्या.
- वयस्कर माणसांना तहान कमी जाणवते. त्यांना थोड्या थोड्या वेळाने विचारत राहा.
- सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. एक वर्षाखाली मध देऊ नका.
- हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर आजारपणात डॉक्टरांना विचारूनच प्रमाण बदला.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी किंवा गोंधळ, बराच वेळ लघवी न होणं, पोटात काहीच न टिकणं, यांपैकी काही दिसलं तर घरी पाणी पाजत थांबू नका. मुलांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २ ते १२ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. खोकल्यासोबत हे दिसलं तर न्यूमोनियाची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठा.