चिलखताची चमक

वॉरहॅमरसारख्या पटावरच्या युद्धखेळातला शिपाई जेमतेम सव्वा इंच उंच. त्याचं चिलखत चमकवायच्या दोन रीती. सोपी म्हणजे अभ्रकाचे किंवा ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण मिसळलेला ॲक्रिलिक रंग: आधी काळं अस्तर, त्यावर पोलादी थर, मग खाचाखोचांत उतरणारा पातळ काळा वॉश. ‘नल्न ऑइल’ हा त्यातला प्रसिद्ध. नावात तेल असलं तरी तो पाण्यातलाच रंग. वाळला की कडांवर चंदेरी रेघ ओढायची.

दुसऱ्या रीतीत, म्हणजे ‘नॉन-मेटॅलिक मेटल’मध्ये, चमकीचा एक कणही नसतो. तलवारीच्या पात्यावर जवळजवळ काळ्या निळ्याला खेटून पांढरा पट्टा येतो. सोन्यासाठी तपकिरी, गेरू, फिकट पिवळा आणि टोकाला पांढरा ठिपका. उजेड कुठून येतो, हे रंगवणाराच ठरवतो. फोटोत हे झकास दिसतं. मूर्ती हातात फिरवली की मात्र चकाकी जागची हलत नाही. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपच्या १९८७पासूनच्या ‘गोल्डन डेमन’ या मूर्ती रंगवण्याच्या स्पर्धेसाठी ही मेहनत ठीक; खेळायची अख्खी फौज रंगवायची तर पहिलीच रीत बरी. फक्त चमकीचा ब्रश धुवायला पाण्याचा पेला वेगळा ठेवा, नाहीतर तेच कण पुढच्या लाल झग्यावर चमचमतील.