गिअरबॉक्सची शेपटी बघा

जुनी जीप किंवा पिकअप बघायला गेलं की ‘फोर बाय फोर आहे साहेब’ हे हमखास ऐकायला मिळतं. पुरावा म्हणून मागचा बिल्ला दाखवला जातो, फार तर गिअरच्या दांडीशेजारची दुसरी आखूड दांडी. बिल्ला काय, कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतो. दांडीही खाली कशाला जोडलेली नसली तरी रुबाबदारच दिसते. त्यापेक्षा सरळ गाडीखाली शिरावं आणि गिअरबॉक्सचं मागचं टोक बघावं.

फक्त मागची चाकं फिरवणाऱ्या पिकअपचा गिअरबॉक्स बहुधा मागे निमुळता होत जातो. या लांबट शेपटीत आउटपुट शाफ्ट असतो आणि त्यावर प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक मागेपुढे सरकतं. ते सरकायलाच हवं. खड्ड्यात मागचा ॲक्सल पाट्यांवर वरखाली झाला की त्याचं गिअरबॉक्सपासूनचं अंतर बदलतं. सरकत्या टोकाला आधार द्यायला शेपटीत बुश, तेल अडवायला सील. (शेपटीच्या टोकाशी तेलाचा काळा थर दिसला, तर या दोघांपैकी एकाचं आयुष्य संपलंय असं समजून भाव पाडावा.)

फोर-व्हीलच्या गिअरबॉक्सला ही शेपटी नसते. आखूड, खाचांचा शाफ्ट आणि भोवती बोल्टच्या भोकांचं सपाट तोंड, एवढ्यावरच तो संपतो. त्या तोंडावर ट्रान्सफर केस बसतो. त्यातून एक प्रोपेलर मागे जातो, एक पुढे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात सुटा गिअरबॉक्स घेताना हा फरक विसरून चालत नाही, कारण पुढून दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात. मात्र शेपटी नाही म्हणजे फोर-व्हीलच, असंही नाही. काही ट्रकांत गिअरबॉक्सच्या टोकाला नुसता फ्लँज असतो आणि सरकता सांधा प्रोपेलरमध्येच दिलेला असतो.

स्पीडोमीटरची केबलही बोलकी असते. केबलच्या जुन्या टू-व्हील गाड्यांत ती बहुधा शेपटीत शिरते, फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला. कारण साधं आहे. लो रेंज टाकली की गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट यांच्या वेगात दुपटी-अडीचपटीचा फरक पडतो. केबल गिअरबॉक्सलाच ठेवली, तर चिखलातून दहाच्या वेगानं रांगणारी गाडी काट्यावर वीस-पंचवीस दाखवेल.

१९४०च्या दशकाअखेर मुंबईत जोडली जाऊ लागलेली विलीज जीप तर मागूनही ओळखू येते. तिच्या ट्रान्सफर केसमधून शाफ्ट उजव्या अंगानं निघतात, म्हणून दोन्ही डिफरन्शिअलचे फुगवटे मध्यावर नसून उजवीकडे असतात. आजच्या गाड्या बाहेरून इतक्या सहज पकडता येत नाहीत. जानेवारी २०२३मध्ये थारची फक्त मागची चाकं ओढणारी आवृत्ती आली. फोर-व्हीलच्या दांडीच्या जागी तिच्यात छोटा कप्पा दिलाय, तेवढं मात्र आत बसल्याबरोबर कळतं.

शेपटीची खूण जिथे हमखास फसवते ती गाडी म्हणजे मारुतीची जिप्सी. १९८५पासून आपल्याकडे असलेल्या या गाडीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो वेगळा टांगलेला आहे, आणि दोघांना एक आखूड प्रोपेलर जोडतो. म्हणजे खाली शाफ्ट तीन. फक्त गिअरबॉक्स बघणारा तिला बिनदिक्कत टू-व्हील ठरवेल.

टू-व्हीलचा गिअरबॉक्स घेऊन ‘मागून कापून ट्रान्सफर केस लावू’ म्हणणारे भेटतात. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये आउटपुट शाफ्ट बदलायचा तर सगळा डबा उघडावा लागतो. मजुरीच एवढी होते की योग्य गिअरबॉक्स शोधलेला परवडतो. पुढचा ॲक्सल, त्याचा डिफरन्शिअल आणि प्रोपेलर यांचा खर्च वेगळाच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत केलेले असे बदल आरटीओत अडतात, म्हणून बदललेली गाडी घेण्याआधी आरसी बुक मागून घ्यावं.