नाव बुडवावी लागते

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके. त्यांची शीव काही अंतर भीमेच्या पात्रातूनच जाते. आज एसटी पुलावरून पलीकडे जाते, तेव्हा खिडकीतल्या माणसाला नदी दिसतेही किंवा दिसतही नाही. पूल नव्हते तेव्हा उन्हाळ्यात उताराने पायी आणि पावसाळ्यात नावेने जावे लागे. बाजार, सोयरीक, कोर्टाची तारीख सगळे नावाड्यावर अवलंबून. गावगाड्यात कोळ्याला या कामाबद्दल धान्याचे बलुते मिळे. पुढे इंग्रजांनी 1868 मध्ये मुंबई इलाख्यासाठी तरींचा कायदा केला आणि सार्वजनिक तरी मक्त्याने जाऊ लागल्या.

नाव मात्र या भागात फार जुनी आहे. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. तिथे चार पायांच्या मातीच्या रांजणात बसत्या स्थितीत पुरलेला एक प्रौढ पुरुष सापडला, आणि त्याच्याजवळच्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली होती. ही गोष्ट जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची. त्या माणसालाही पैलतीर गाठायचा होता, असे मला आपले वाटते.

वडिलोपार्जित होडी म्हटली की आपण दागिन्यासारखी, जशीच्या तशी हाती आलेली वस्तू समजतो. तसे नसते. लाकडी होडी सतत बदलत असते. फळी कुजली की सुताराकडून नवी बसवायची, खिळे बदलायचे, फटींत कापूस ठासून वर डांबर द्यायचे. आजोबांच्या होडीत आजोबांच्या वेळची एखादीच फळी उरलेली असते. खरा वारसा हाताचा आणि कानाचा. फळीवर टिचकी मारून ती आतून पोकळ झाली का, हे मुलाने बापाशेजारी बसूनच शिकायचे. शेताची वाटणी होते, होडीची करता येत नाही. भावाभावांत पाळ्या लावाव्या लागतात.

आणि तिला पाण्यातच ठेवावे लागते. उन्हात कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून काम नसताना ती दगड घालून मुद्दाम बुडवून ठेवायची. पाणी पिऊन लाकूड फुगते आणि फटी आपोआप मिटतात. आपल्या भाषेत नाव म्हणजे होडीही आणि माणसाचे नावही. बापाचे नाव बुडवू नये म्हणतात. नावाड्याच्या पोराने मात्र ती बुडवली नाही, तर घरची नाव राहत नाही!

पुलांनी तरी संपवल्या. 1980 मध्ये उजनी धरण झाले आणि भीमेचे पाणी दौंड तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांपर्यंत तुंबले. तिथे होडीला मासेमारीचे नवे काम मिळाले. भिगवणजवळ ती पर्यटकांना रोहित पक्षी दाखवते. काही गावांना अजूनही तिच्यातूनच पलीकडे जावे लागले आहे. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

आता पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या पाण्यावर दिसतात. त्या हलक्या आहेत, त्यांना ना सुतार लागतो ना डांबर. उन्हाळाभर काठावर पालथ्या पडून राहिल्या तरी त्यांचे सांधे उघडत नाहीत.