अजिंक्य बॉक्सरला त्याच्याच घरी हरवायचं कसं? गोव्यातल्या जहाजावरची लढत काय सांगते

१९ मार्च २०२१. पणजीत मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर बॉक्सिंगची रिंग लागली होती. एका कोपऱ्यात विजेंदर सिंग. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलेला आणि २०१५ मध्ये प्रोफेशनल झाल्यापासून १२ पैकी १२ लढती मारलेला. दुसऱ्या कोपऱ्यात रशियाचा २६ वर्षांचा आर्तिश लोपसान. त्याच्या नावावर जेमतेम सहा प्रोफेशनल लढती होत्या.

देश विजेंदरचा, नाव विजेंदरचं, रेकॉर्ड विजेंदरचा. पण पाचव्या राऊंडमध्ये रेफ्रीने लढत थांबवली आणि लोपसान जिंकला.

मग घरच्या मैदानाचा फायदा गेला कुठे?

हा फायदा असतो तरी काय?

वेळणेश्वर असो की गुहागर तालुक्यातलं दुसरं एखादं गाव, कबड्डीचे सामने भरले की घरच्या संघाच्या प्रत्येक चढाईला आरडाओरडा होतो. पाहुणा गडी बाद झाला की नाही, हे पंचांच्या आधी प्रेक्षकच सांगून मोकळे होतात. शिवाय मैदानाची माती घरच्या पोरांच्या पायाखालची असते.

बॉक्सिंगची रिंग मात्र सगळीकडे साधारण सारखीच. पाहुण्या बॉक्सरला प्रवासाचा शीण असतो, झोप आणि जेवण बदलतं, त्यात वजन काट्यावर बसवायचं असतं. हे सगळं खरं. पण मोठा फरक पडतो तो रिंगबाहेर बसलेल्या जजमुळे.

प्रोफेशनल लढतीत साधारणपणे तीन जज प्रत्येक राऊंडला गुण देतात. राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९. राऊंड एकतर्फी असेल तर प्रश्न नसतो. पण अटीतटीचा असेल तर? घरच्या बॉक्सरचा ठोसा समोरच्याच्या ग्लोव्हजवर अडला तरी गर्दी ओरडते. पाहुण्याचा ठोसा नीट बसला तरी शांतता. जज प्रामाणिक असला तरी त्याला कान असतातच.

आकडे काय सांगतात?

नायजेल बामर, अॅलन नेव्हिल आणि अँड्र्यू लेन या संशोधकांनी १९१० ते २००२ या काळातल्या युरोपियन चॅम्पियनशिपच्या लढती तपासल्या. दोन्ही बॉक्सर तोडीस तोड आहेत असं धरलं, तर घरचा बॉक्सर जिंकण्याची शक्यता अशी निघाली:

- नॉकआऊटने संपलेल्या लढतीत ५७ टक्के
- रेफ्रीने थांबवलेल्या, म्हणजे टेक्निकल नॉकआऊटच्या लढतीत ६६ टक्के
- जजच्या गुणांवर गेलेल्या लढतीत ७४ टक्के

म्हणजे निकालात माणसाच्या मताचा वाटा जितका जास्त, तितका घरच्याचा फायदा जास्त.

भारताने दोन्ही बाजू पाहिल्यात

२०१४ च्या इंचॉन एशियन गेम्सची सेमीफायनल. सरितादेवीसमोर यजमान दक्षिण कोरियाची पार्क जी-ना होती. सरिता वरचढ दिसत असूनही निकाल पार्कच्या बाजूने गेला. पदक समारंभात सरिता रडली आणि तिने आपलं ब्राँझ पार्कच्या गळ्यात घातलं. त्याबद्दल तिच्यावर एक वर्षाची बंदी आली.

आता मुंबई. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदरने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं. लढत १० राऊंड चालली आणि निकाल तिन्ही जजनी विजेंदरच्या बाजूने दिला. पण दोघांच्या कागदावर फरक होता फक्त एका गुणाचा, ९५-९४. म्हणून तो निकाल चुकीचा ठरत नाही. पण इतकी घासून झालेली लढत घरी असणं किती मोलाचं, हे यातून कळतं.

मग पाहुण्याने करायचं काय?

पहिलं, समोरच्याचा हुकमी डाव बंद करायचा. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने माईक टायसनला हरवलं, तेव्हा टायसन एकदाही हरलेला नव्हता. टायसनला जवळ घुसून मारायची सवय. उंच डग्लसने लांब हाताच्या जॅबने त्याला दूरच ठेवलं.

दुसरं, त्याला दमवायचं. १९७४ मध्ये किन्शासात मोहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला असंच हरवलं. ४० पैकी ४० लढती जिंकलेल्या फोरमनला अलीने दोरखंडाला टेकून ठोसे मारू दिले. फोरमन थकला आणि आठव्या राऊंडमध्ये आडवा झाला.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, शक्यतो निकाल जजच्या हातात जाऊ द्यायचा नाही. टोकियो तर टायसनचं घरही नव्हतं. तरी डग्लसने दहाव्या राऊंडमध्ये नॉकआऊट केलं, तेव्हा तीनपैकी एकाच जजच्या कागदावर तो पुढे होता. एकाच्या मते बरोबरी होती आणि एकाच्या मते चक्क टायसन पुढे होता. मोठं नाव असलं की परक्या गावातही थोडंफार घर मिळतं, ते असं.

गोव्यात नेमकं काय झालं?

लोपसान विजेंदरपेक्षा उंच होता आणि त्याने त्या उंचीचा वापर केला. विजेंदर ३५ वर्षांचा होता. त्याची आधीची लढत नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत झाली होती, म्हणजे मध्ये तब्बल १६ महिने गेले होते. ‘१२-०’ हा आकडा आधी काय झालं ते सांगतो, आज पाय किती चालतील हे सांगत नाही. लोपसानने दबाव सोडला नाही. लढत पाचव्या राऊंडमध्येच संपल्यामुळे जजचे कागद मोजायची वेळच आली नाही. घरच्या मैदानाचा फायदा जिथून सगळ्यात जास्त मिळतो, तो दरवाजाच बंद झाला.

पुढच्या वेळी एखाद्या लढतीनंतर सोशल मीडियावर ‘जजनी लुटलं’ असा ट्रेंड दिसला, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. लढत कुणाच्या घरी होती? ती नॉकआऊटने संपली की गुणांवर? आणि किती राऊंड खरंच अटीतटीचे होते? एकतर्फी राऊंड घरच्याला दिले असतील तर ओरडा रास्त आहे. सगळेच राऊंड घासून झाले असतील, तर मात्र पाहुण्याने आपली लढत घरच्याच्या दारात अर्धवट सोडली होती, असंच म्हणावं लागेल.