खिळे जुळविणाऱ्या मुली

ख्रिस्ती समाजातील स्त्री-नेतृत्वाचा विषय निघाला की पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव होतो. तरुण मुलींशी त्यांनी जोडलेल्या नात्याचा मात्र क्वचितच. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या अनाथ मुलींना ईश्वराच्या प्रेमाची ओळख प्रवचनांतून कशी व्हावी? उपाशी पोटी उपदेश पचत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आधी अन्न मिळाले, मग अक्षरे आणि मग जबाबदारीचे काम.

बायबलच्या भाषांतरासाठी या संस्कृत पंडितेने हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या. मराठी मात्र अल्पशिक्षित बायकांनाही उमजेल अशीच योजिली. त्या ग्रंथाचे खिळे जुळविले ते सदनाच्याच छापखान्यात, तेथील मुलींनी. तरुणांना केवळ गीते गाण्यापुरते पुढे करणाऱ्या आजच्या काही मंडळ्यांनी याचा विचार करावयास हरकत नाही.

जिच्यावर पुढची सारी भिस्त होती, ती कन्या मनोरमा १९२१ साली निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते त्यानंतर, १९२४ साली.