वऱ्हाडावरून गेलेली सावली आणि चंद्राचे हौशी छायाचित्रकार

धामणगाव आणि पुलगावच्या दरम्यान, नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तळणी नावाचं छोटं स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथे इंग्लंडहून आलेली मंडळी तंबू ठोकून, काचेच्या प्लेटा भरून सूर्याकडे डोळे लावून बसली होती. खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ कोकण किनाऱ्यावर उतरली, करमाळ्याजवळच्या जेऊरवरून मराठवाड्यात गेली आणि पुढे वऱ्हाडात शिरली. जेऊर आणि तळणी नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा वाशिम आणि हिंगोलीच्या मधून, मानोऱ्याच्या बाजूने जाते. त्या काळी वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रजी कागदोपत्री ‘बासिम’. १९०५ मध्ये तो मोडून बराचसा अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला.

त्या दिवशी मोठमोठी नावं या वाटेवर ठाण मांडून होती. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. गडावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’ची गोष्ट सांगताना लोक १८६८ चं ग्रहण आणि हेलियमचा शोध हमखास काढतात, पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते, विजयदुर्गावर त्यांचा तळ पडला तो १८९८ मध्ये. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही. कॅम्पबेल यांचा कॅमेरा तब्बल ४० फूट लांबीचा होता.

तळणीची मंडळी ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची, म्हणजे प्रामुख्याने हौशी लोकांच्या संस्थेची. त्यांच्यात अॅनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत आकडेमोडीची नोकरी करणाऱ्या अॅनीबाईंना १८९५ मध्ये लग्न झाल्यावर ती सोडावी लागली होती. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सदस्यत्व स्त्रियांना मिळू लागलं ते थेट १९१६ मध्ये. तेव्हा १८९८ मध्ये त्या हौशीच ठरत होत्या. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग जेमतेम दीड इंच व्यासाचं. या चिमुकल्या भिंगाने प्रभामंडलाचा एक किरण इतका दूरवर टिपला, की तोवरच्या कुठल्याही फोटोत एवढा लांब किरण आला नव्हता.

यामागे चमत्कार नव्हता, प्रकाशाचा साधा हिशेब होता. ४० फुटी कॅमेरा सूर्यबिंब मोठं करून दाखवतो, पण तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरल्याने अंधूक भाग प्लेटेवर उमटत नाहीत. आखूड कॅमेऱ्यात प्रतिमा लहान पडते आणि तोच प्रकाश एकवटतो. काय टिपायचं हे आधी ठरवून त्याला साजेसं भिंग आणि उघडझापीची वेळ निवडणं, हे काम अॅनीबाईंनी चोख केलं होतं. चंद्र आणि ग्रहणाच्या फोटोग्राफीत आजही सगळी मेख इथेच आहे, आणि म्हणूनच महागड्या वेधशाळेपासून दूर राहणाऱ्यालाही या छंदात हात आखडता घ्यावा लागत नाही.

चंद्राच्या बाबतीत तर लहान गावाचा आणि मोठ्या शहराचा फरकच उरत नाही. आकाशगंगा टिपायची तर काळोख शोधत हिंडावं लागतं. चंद्र मात्र वाशिमच्या बसस्टँडवरूनही तितकाच स्वच्छ दिसतो. नवशिक्याची फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. चंद्राचा पृष्ठभाग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच परत फेकतो. म्हणजे तो जुन्या डांबरी रस्त्याइतकाच काळपट आहे. काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर, भर उन्हात असल्याने तो पांढराशुभ्र भासतो. कॅमेऱ्याला स्वतःच्या मर्जीवर सोडलं, तर तो सगळा अंधार पाहून भिंग जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हाती येते नुसती पांढरी टिकली. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा सरळ आहे: पौर्णिमेच्या चंद्रासाठी एफ ११ ठेवा आणि आयएसओ जितका, तितकावा भाग सेकंद. आयएसओ १०० तर सेकंदाचा शंभरावा भाग. भर उन्हातल्या वस्तूला जवळपास एवढंच लागतं.

दुसरा ठोकताळा आकाराचा. भिंगाच्या नाभीय अंतराला ११० ने भागलं, की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चंद्र किती मिलिमीटरचा पडणार ते कळतं. २५० मिलिमीटरच्या लेन्सने सव्वादोन मिलिमीटर. हजाराच्या दुर्बिणीने नऊ. डोळ्यांना उगवता चंद्र परातीएवढा वाटतो, सेन्सरला तो कायम अर्धा अंशच दिसतो.

आणि पौर्णिमा ही विवरं टिपायची रात्रच नव्हे. सूर्याचा प्रकाश तेव्हा समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा लांब सावल्या टाकतात, तेव्हा डोंगर डोंगरासारखे दिसतात.

वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला विवर समजावून सांगायला चित्र लागत नाही. रिसोडपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे: बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचेच, म्हणून चंद्रविवरांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात. आता हेच लोणार उचलून चंद्रावर ठेवलं तर पृथ्वीवरून ते किती दिसेल? ३,८४,४०० किलोमीटरवरून जेमतेम एक विकला, अंशाचा ३,६०० वा भाग. आपल्याकडच्या बऱ्याच रात्री वातावरणाची थरथर एवढी किंवा याहून जास्त असते. टायको विवर ८५ किलोमीटरचं, कोपर्निकस ९३ चं. ती घरच्या दुर्बिणीत आरामात दिसतात. लोणारएवढं विवर मात्र हवेने साथ दिली तरच.

हवेच्या या थरथरीवर हौशी मंडळींनी तोडगा काढला तो संगणकाच्या मदतीने. एक फोटो काढण्याऐवजी व्हिडिओ घ्यायचा. त्याच्या शेकडो-हजारो चौकटींपैकी ज्या क्षणी हवा स्थिर होती तेवढ्या चौकटी निवडायच्या आणि त्या एकमेकींवर रचून सरासरी काढायची. पुण्याच्या प्रथमेश जाजू याने मे २०२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, याच पद्धतीने कृष्ण पक्षातल्या चंद्राचं चित्र घडवलं. पन्नास हजारांहून अधिक चौकटी, १८६ जीबी माहिती आणि पाच इंची दुर्बीण. चंद्राचे तुकड्या-तुकड्याने व्हिडिओ घेऊन ते नंतर जोडले होते. जगभर गाजलेल्या त्या चित्रामागे रात्री काही तासांचं चित्रीकरण होतंच, पण त्याहून जास्त तास संगणकासमोर गेले. प्रथमेश ज्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा, ती पुण्यात १९४४ पासून चालू आहे.

चौकटी रचणं आणि नसलेलं घुसवणं यांत मात्र फरक आहे. मार्च २०२३ मध्ये एका हौशी वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, दूर उभं राहून एका प्रसिद्ध कंपनीच्या फोनने तो टिपला, आणि फोनने पुसट गोळ्यात विवरांचे बारकावे भरून दिले. जे मूळ चित्रात नव्हतंच ते फोनला आधीच ठाऊक होतं. चंद्र सदैव एकच बाजू दाखवतो, त्यामुळे यंत्राला तो पाठ करणं सोपं जातं. पण ग्रहण पाठ करता येत नाही.

खग्रास चंद्रग्रहणात चंद्र दहा हजार पटींनी किंवा त्याहूनही जास्त मंद होतो, आणि किती मंद होईल, कोणत्या रंगाचा दिसेल, हे आधी नेमकं सांगता येत नाही. पृथ्वीच्या वातावरणाच्या कडेतून वळून आलेला लालसर प्रकाशच तेवढा त्याच्यावर पडतो. वातावरणात धूळ जास्त, तर चंद्र काळवंडतो. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ मध्ये फुटला आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र कमालीचा काळा पडला. अशा नोंदींसाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी शून्य ते चार अशी मोजपट्टी करून ठेवली आहे. तिला डोळेही चालतात.

गावाकडे एके काळी ग्रहण लागलं की ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ची हाळी गल्लीतून यायची, वेध पाळले जायचे, गरोदर बाईला विळी हाती घेऊ देत नसत. आता त्याच रात्री गच्चीवर ट्रायपॉड उभे राहतात. दोन्ही गोष्टी एकाच घरातही चालतात. २८ ऑक्टोबर २०२३ ला कोजागरीलाच खंडग्रास ग्रहण आलं, रात्री १.०५ ते २.२२, आणि मसाला दुधाचं काय करायचं यावर घरोघरी चर्चा झडली. त्याआधी २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, महाराष्ट्रात सूर्य ग्रस्त अवस्थेतच मावळला. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात खग्रास अवस्था ८२ मिनिटं टिकली, पण ती भाद्रपद पौर्णिमा, म्हणजे ढगांचा धोका ठरलेला.

ग्रहणाच्या फोटोत सौंदर्याखेरीज एक गोष्ट असते, ती म्हणजे वेळ, आणि वाशिमला ही गोष्ट जवळची वाटावी असं एक जुनं कारण आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’त लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची गावं सांगितली, त्यांत उज्जयिनीबरोबर वात्स्यगुल्मही येतं. गावातलं मध्यमेश्वराचं मंदिर याच रेषेशी जोडलं जातं. आजच्या नकाशात वाशिम उज्जैनच्या पूर्वेला सुमारे सव्वा अंशाहून थोडं जास्त पडतं. ही चूक कशी झाली असेल, ते चंद्रग्रहणाच्या फोटोत दिसतं. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसतं. स्थानिक वेळ मात्र गावोगावी वेगळी. त्या फरकावरून रेखांश काढायची रीत सिद्धांतग्रंथांत आहे. वाशिम आणि उज्जैनमधला फरक साडेपाच मिनिटांच्याही आत भरतो, जुन्या मापात साडेतेरा पळांचा. पृथ्वीच्या सावलीची कड इतकी धूसर असते, की नुसत्या डोळ्यांनी स्पर्शाची वेळ ठरवताना मिनिट-दोन मिनिटं इकडची तिकडे सहज होतात.

ही धूसर कड आजही हौशींच्या उपयोगाची आहे. वातावरणामुळे पृथ्वीची सावली नुसत्या भूमितीने यावी त्याहून सुमारे दोन टक्के मोठी पडते. सावली टायको, कोपर्निकस अशा एकेका विवराला कधी भिडली, याच्या अनेकांनी घेतलेल्या वेळा एकत्र केल्या की ही वाढ मोजता येते. त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ आधी मोबाइलच्या वेळेशी जुळवलेलं असलं की झालं.

पुढची उत्तम संधी ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. थंडीचे दिवस, वऱ्हाडात आकाश बहुधा निरभ्र, आणि चंद्र आभाळात खूप वर. त्यामुळे ट्रायपॉडची मान मागे कलते का, हे दिवसाउजेडी तपासून ठेवावं. सावलीचा स्पर्श रात्री साडेआठच्या पुढे, खग्रास अवस्था पावणेदहा ते अकराच्या सुमारास. खंडग्रास असताना सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो; बिंब पूर्ण झाकलं की आयएसओ १६०० वर नेऊन अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक वेळी दुप्पट-निम्मं करत चार-पाच फोटो घ्यावेत. त्याहून जास्त वेळ भिंग उघडं ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्याने चंद्र हलतो. दर पंधरा मिनिटांनी एक फोटो घेत राहणाऱ्याने बारा वाजताच फटाके पाहायला वळू नये, कारण सावली चंद्राच्या कडेवरून सुटते ती १ जानेवारी २०२९ उजाडल्यावर, मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी.